परत परत होणारी कावीळ आणि तांबड्या पेशीचा सांगाडा

आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. तिचा व्यास 7 ते 8 मायक्रॉन. पण प्लीहेतल्या ज्या फटींतून तिला वाट काढावी लागते, त्या जेमतेम 1 मायक्रॉन रुंद. तरी ती फुटत नाही, कारण तिचा सांगाडा लवचिक असतो.

हा सांगाडा अस्थिमज्जेत पेशी परिपक्व होताना तयार होतो. पेशी आपले केंद्रक बाहेर टाकते, आतल्या सूक्ष्मनलिका नाहीशा होतात आणि आवरणाच्या आतून स्पेक्ट्रिन या प्रथिनाची जाळी पक्की होते. अँकिरिन हे प्रथिन ती जाळी आवरणाला जोडून ठेवते. केंद्रक गेलेली परिपक्व पेशी नवीन प्रथिने बनवू शकत नाही. घडताना मिळालेल्या शिदोरीवरच तिला चार महिने काढायचे असतात.

काही जणांत ही जोडणी जन्मतःच कच्ची असते. आवरणाचे तुकडे गळतात, चपटी पेशी चेंडूसारखी गोल होते, फटीत अडकते आणि प्लीहेत लवकर नष्ट होते. याला हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस म्हणतात.

माझ्याकडे आलेल्या एका तरुणीचे डोळे लहानपणापासून अधूनमधून पिवळे होत. दोन-तीनदा कावीळ उतरवून झाली होती, तेल-तिखट बंद होते, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्याही चालू होत्या. "डॉक्टर, माझं लिव्हर खराब आहे का? घरचे म्हणतात, स्थळ बघायला आले तर बोलू नकोस." वडिलांचे पित्ताशय खड्यांमुळे तरुणपणीच काढले होते. तिची प्लीहा हाताला लागत होती. रक्ताच्या स्लाइडवर गोल पेशी दिसल्या. पुढच्या तपासण्यांनी निदान पक्के झाले. लिव्हर ठणठणीत होते. मी तिला म्हटले, "यात लपवण्यासारखं काही नाही. पण मुलांमध्ये हा दोष येऊ शकतो, म्हणून जोडीदाराला माहीत असलेलं बरं."

बहुतेकांना फॉलिक अॅसिड आणि पित्तखड्यांसाठी अधूनमधून सोनोग्राफी एवढे पुरते. आजार तीव्र असेल तर प्लीहा काढावी लागते. त्याआधी न्यूमोकोकससारख्या जंतूंविरुद्ध लसी घ्याव्याच लागतात. तापानंतर रुग्ण अचानक पांढराफटक पडला, तर लगेच दवाखाना गाठा.

कावीळ म्हणजे लिव्हरच बिघडले असे नाही. ती परत परत होत असेल आणि घरात कुणाला लहान वयात पित्तखडे झाले असतील, तर डॉक्टरांना तसे सांगा आणि रक्ताची स्लाइड तपासून घ्या.