घोंगडीच्या आडोशाला

तीर्थरूप आप्पा,


काल लेकीला घेऊन एडिनबराच्या किल्ल्यावर गेले आणि दिवसभर मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत राहिले. किल्ल्यासमोरच्या पटांगणात एक दगडी क्रूस आहे. त्यावर हत्ती कोरलाय. “स्कॉटलंडात हत्ती कुठून आला?” लेकीनं विचारलं. मी म्हटलं, “आपल्या गावाकडच्या असईतून.” ते स्मारक ७८ व्या हायलँडर पलटणीच्या १८५७-५८ मधल्या मृतांचं, पण हत्ती हे त्याआधीचं मानचिन्ह, इंग्रज आणि शिंद्यांमधल्या असईच्या लढाईबद्दल पलटणीला मिळालेलं. २३ सप्टेंबर १८०३. ही तारीख मी पुस्तकात वाचण्याआधी तुमच्या तोंडून ऐकली होती.

किल्ल्याच्या आत काही जण असईच्या काळातल्या इंग्रजी शिपायांचं रोजचं जिणं करून दाखवत होते. लाल डगले, गळ्याभोवती कातड्याचा ताठ पट्टा, मान खाली जाऊच नये असा. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची, बार काढायचा. मिनिटाला तीन बार जमले की शिपाई तरबेज. पगार रोजचा एक शिलिंग, त्यातूनही खाण्याचे पैसे कापलेले. तुम्ही असतात तर पुढं जाऊन म्हणाला असतात, “पुन्हा एकदा दाखवा.”

मी मात्र एका बाईपाशी थबकले. शिपायाची बायको झाली होती ती. बराकीच्या कोपऱ्यात घोंगडी टांगलेली, तेवढ्याच आडोशाला तिचा संसार. पलीकडे सगळे शिपाई. पलटण परदेशी निघाली की शंभर शिपायांमागे साधारण सहाच बायकांना सोबत नेत. कोण जाणार, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. जाणारीला अर्धा शिधा, आणि वाट्याला पलटणीचं धुणं, शिवण, जखमींची शुश्रूषा. त्या बाईनं टोपीतून चिठ्ठी उचलली, उघडली आणि काही न बोलता आमच्यापुढे धरली. “राहायचं.”

आप्पा, तुम्हाला त्या बैलगाड्या आठवतात?

आमच्या सहावीच्या वर्गाला तुम्ही असईला नेलं होतंत. एका बाजूला केळणा, दुसऱ्या बाजूला जुई. समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली, म्हणजे मधे उतार असणारच, हे इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यानं कसं ताडलं, ते तुम्ही काठीनं मातीत रेघा ओढून सांगितलंत. मग पडीक रानात दोन गाड्या उलाळून ठेवल्यात. त्या तोफा. मुलांना खाली मेल्यासारखं पडायला लावलंत. इंग्रजी फौज तोफांची रांग ओलांडून पुढं गेली आणि मेलेत असं वाटलेले शिंद्यांच्या कंपूंचे गोलंदाज उठले, तोफा फिरवून मागून मारा करू लागले! मुलं ओरडत उठली तेव्हा तुमचे डोळे भरून आले होते. मी पाहिलं होतं.

मी कडेला होते. आम्ही सगळ्याच मुली होतो, डब्यांच्या पिशव्या धरून. “आम्ही कोण?” मी विचारलं. तुम्ही हसून म्हणालात, “बाजारबुणगे.” वर्ग खदखदून हसला.

तो शब्द तीस वर्षं माझ्याजवळ आहे, आप्पा. काल घोंगडीच्या त्या आडोशाशी तो पुन्हा टोचला. शिंद्यांच्या छावणीतही बाजार होता, बायका होत्या, पोरं होती. तोफेखाली श्वास रोखून पडलेल्या गोलंदाजानं सकाळी कुणाच्या हातची भाकरी खाल्ली होती? तोफा गेल्या, फौज उधळली. त्या रात्री ती भाकरी करणारी कुठल्या ओढ्याला दडली? तुम्ही आम्हाला वेलस्लीचा घोडासुद्धा सांगितलात. तिच्याबद्दल एक वाक्य का नाही सांगितलंत?

रागावले आहे असं समजू नका. पोरांचे कपडे चिखलानं माखले म्हणून पालक तक्रार घेऊन आले, तेव्हा तुम्ही एकट्यानं ऐकून घेतलंत. जयंतीला राजाचा पोशाख घालायला पुष्कळ जण तयार असतात. बिननावाच्या गोलंदाजासाठी दोन गाड्या मागून आणणारे तुम्हीच. किल्ला नाही, डगले नाहीत, तिकीट नाही. इतिहास अंगाला मातीसारखा लागतो, हे मला तिथं कळलं. म्हणून तर काल त्या बाईसमोरून पाय निघेना.

सप्टेंबरात आम्ही येतोय. तेवीस तारखेला असईला जाऊ. गाड्या मिळतात का ते विचारून ठेवा. नातीला तोफेखाली पडायचंय, तिनं आत्ताच सांगून ठेवलंय. मला मात्र या खेपेला पिशव्या धरायला लावू नका. मी तिथं चूल मांडणार आहे. पावसाचे दिवस असतील, थोड्या कोरड्या काटक्या तेवढ्या बघून ठेवा.

तुमची,
माई