न दाखवलेली नामावली

चित्रपट म्हटला की भांडवल, स्टुडिओ आणि नामवंत नट ओघाने आलेच, अशी समजूत रूढ असली तरी महाराष्ट्रात चित्रपटाची सुरुवात घरातूनच झाली, ही गोष्ट येथे प्रथम नोंदवली पाहिजे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यातील रोहिदास हा त्यांचाच मुलगा भालचंद्र होता, तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती, आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची किचकट कामे सरस्वतीबाई फाळके घरसंसार सांभाळून करीत होत्या. पुढे ‘लंकादहन’मध्ये (१९१७) हनुमान पडद्यावर उडाला आणि ‘कालियामर्दन’मध्ये (१९१९) फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. अचाट शक्तीचा नायक, त्याचे उड्डाण, कॅमेऱ्याची करामत आणि भूमिकांना लागणारी घरची माणसे, म्हणजे आज मुले मोबाइलवर जे ‘सुपरहिरो’चे चित्रपट करतात त्याची सगळी सामग्री शंभर वर्षांपूर्वीच येथे एकत्र आलेली होती.

सुपरहिरो म्हणजे एरवी चारचौघांसारखा वावरणारा, परंतु संकट आले की विशिष्ट पोशाख व बहुधा मुखवटा चढवून अतिमानवी बळाने लढणारा नायक होय. या कल्पनेला महाराष्ट्रात सर्वांत निष्ठेने आपलेसे केले ते नाशिक जिल्ह्यातील मालेगावने. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी यंत्रमाग कामगार आणि मित्रमंडळी यांना घेऊन प्रथम ‘मालेगाव के शोले’ काढला आणि नंतर ‘मालेगाव का सुपरमॅन’. सायकलवर बसून कॅमेरा फिरवायचा, बैलगाडीची क्रेन करायची, यंत्रमागांना शुक्रवारी सुटी असते म्हणून त्या दिवसाकडे डोळे लावून बसायचे, असा तो खटाटोप होता, आणि फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे तो जगापुढे आला. सुपरमॅन झालेले शफीक शेख हे कृश अंगाचे माग कामगार होते. पडद्यावर ते तंबाखूच्या व्यसनाविरुद्ध लढले आणि २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत लागला, तेव्हा शफीक यांचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले. मात्र मालेगावच्या या उद्योगात गावातील स्त्रिया कॅमेऱ्यासमोर येत नसत, नायिका बाहेरगावाहून आणावी लागे, ही बाब पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने व मित्रांनी केलेला चित्रपट मालेगावच्या तुलनेत अगदीच लहान, आणि त्याचे स्थळ महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी वसलेले मार्कंडा. येथे नदी उत्तरवाहिनी होते, काठावर मार्कंडेश्वराचा कोरीव शिल्पांनी भरलेला मंदिरसमूह उभा आहे, आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात या मंदिरांचे वर्णन केले असून, मुख्य मंदिरावर पूर्वी वीज कोसळून शिखराची हानी झाली, ही हकीकतही त्यात आलेली आहे. गावातल्या मुलांना ती आजी-आजोबांकडून ठाऊक असते. ज्या मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारून यमाला परतवले तो मुलगाच होता, हेही त्यांना ठाऊक असते. या दोहोंतून मुलांनी कथा रचली ती अशी: देवळावर पडलेली वीज दगडात मुरून राहिली, पुढे ती एका मुलाच्या अंगात शिरली, आणि तो ‘ईजवीर’ झाला, ईज म्हणजे झाडीबोलीत वीज. खलनायक कोण असावा याविषयी मुलांत वादच झाला नाही. नदीतली रेती रात्री चोरून नेणारा, हे उत्तर सर्वांच्या तोंडून एकदमच आले.

हा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. धानाची कापणी-मळणी आटोपली की गावोगाव रात्रभर चालणारी नाटके सुरू होतात, देसाईगंज म्हणजे वडसा हे नाटक कंपन्यांचे मुख्य ठिकाण आहे, आणि या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यामुळे सोंग घेणे, पोशाख शिवणे, चेहरा रंगवणे यांसाठी येथे कोणाला शिकवणी द्यावी लागत नाही.

ईजवीराची भूमिका प्रस्तुत लेखकाच्या भाचीने केली. तिची निवड कोणत्याही तत्त्वासाठी झालेली नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून रेतीत उडी घ्यायला मुलांपैकी दुसरे कोणी तयार होईना, आणि तिने न विचारता ती घेऊन दाखवली, एवढेच कारण होते. मुखवटा म्हणून माकडटोपी, म्हणजे डोळ्यांपुरता भाग उघडा ठेवून कान, मान व हनुवटी झाकणारी हिवाळी लोकरीची टोपी, निळ्या रंगात बुडवून घेतली होती. दिवाळीच्या सुटीतले दुपारचे ऊन, खाली तापलेली रेती आणि डोक्याला लोकर! दर चित्रणानंतर टोपी काढली की भाचीचे केस कपाळाला चिकटलेले असत आणि गालांवर विणकामाची नक्षी उमटलेली असे. उड्डाणासाठी ‘क्रोमा’ ही पद्धत वापरली, म्हणजे हिरव्या कापडापुढे माणसाचे चित्रण करायचे आणि नंतर संगणकावर तेवढा हिरवा रंग पुसून त्या जागी आकाश भरायचे. भाचीच्या आईने कंबरपट्टा जुन्या साडीच्या हिरव्या काठाचा शिवला होता, हे संकलनाच्या वेळी ध्यानात आले, कारण आकाशात उडणाऱ्या ईजवीराला कंबरच उरली नव्हती. पट्टा बदलून ते दृश्य पुन्हा घेतले. मंदिर हे संरक्षित स्मारक असल्याने त्याच्या आवारात चित्रीकरण न करता नदीच्या पात्रातून दिसणारी त्याची दूरची आकृतीच वापरली, आणि पडद्यावर तीच अधिक भारदस्त दिसली, असे मत येथे नोंदवावेसे वाटते. लोकरीतून भाचीचे शब्द दबके येत असल्यामुळे ईजवीराचे संवाद नंतर पुतण्याच्या आवाजात भरले. पुढचा सगळा प्रकार समजण्यासाठी हा तपशील आवश्यक आहे.

तालुक्याच्या ठिकाणी एका संस्थेने मोबाइलवर केलेल्या लघुपटांची स्पर्धा ठेवली होती. ईजवीराचा चित्रपट तेथे दाखवला गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि शेवटची नामावली, म्हणजे कोणी कोणती भूमिका केली हे सांगणारी अक्षरे, पडद्यावर येऊ लागताच आयोजकांनी चित्रपट थांबवला, कारण पाहुण्यांचे भाषण व्हायचे होते. नामावलीला एक मिनिटही लागले नसते. नंतर बक्षिसे जाहीर झाली आणि निवेदकाने ‘उत्कृष्ट बालनट’ म्हणून ईजवीराला मंचावर बोलावले. मुले पुढे सतरंजीवर आणि बायका-मुली मागच्या खुर्च्यांवर, अशी बैठक होती. पुतण्या पुढेच बसलेला होता. त्याचा आवाज ओळखून आजूबाजूच्या पोरांनी त्याच्याकडे बोटे दाखवली, तो मागे वळून पाहू लागला, तोवर एका स्वयंसेवकाने त्याचा दंड धरून त्याला उठवले. त्याच वेळी मागे भाचीही उभी राहिली होती. तिच्याजवळच्या स्वयंसेवकाने तिला हाताने खुणावले, “बस ना वो, मांगच्याले दिसत नाही.” ती बसली. मंचावर पुतण्याच्या हातात ढाल दिली गेली, छायाचित्र काढले गेले, आणि त्याने काही बोलण्याचा प्रयत्न केला तेव्हा निवेदकाने पुढचे नाव पुकारले होते.

कार्यक्रमानंतर आयोजकांना वस्तुस्थिती सांगितली असता जी उत्तरे मिळाली ती क्रमाने तपासण्यासारखी आहेत. कार्यक्रम आता आटोपला, हे पहिले उत्तर. प्रमाणपत्रावर ‘बालनट’ असे आधीच छापलेले आहे, हे दुसरे. ढाल शेवटी एकाच घरात गेली, मग बिघडले काय, हे तिसरे. यांपैकी पहिल्या दोहोंत आळस आहे आणि तो समजू शकतो. तिसरे मात्र मनातून जात नाही, कारण घरातल्या मुलीचे श्रम घरातल्या मुलाच्या नावावर जमा झाले तरी हिशेब पुरा होतो, असे त्यात गृहीत धरलेले आहे, आणि हे गृहीत त्या सभागृहात कोणालाच खटकले नाही. चौथे उत्तर एका परीक्षकाने दिले: आवाज तर मुलाचाच होता. हा युक्तिवाद वरवर पाहता सबळ वाटतो. परंतु भारतीय चित्रपटाने पडद्यावरचे अंग आणि पडद्यामागचा गळा ही दोन वेगळी कामे मानली असून दोहोंसाठी निरनिराळी बक्षिसे ठेवली आहेत. लता मंगेशकरांच्या गाण्याचे पारितोषिक कोणी त्या गाण्यावर ओठ हलवणाऱ्या नटीला दिले नाही, आणि नटीच्या अभिनयाचे लताबाईंना दिले नाही. ट्रॉलीवरून उडी आवाजाने घेतली नव्हती. रेतीतून धावत गेलेले, हिरव्या कापडावर पोटावर पडून हात पुढे ताणलेले, टोपीतून फक्त डोळ्यांनी राग आणि भीती दाखवलेले, ते सारे भाचीचे होते. खरी गोष्ट इतकीच की जो उडी मारतो तो मुलगाच असणार, असे पाहणाऱ्यांनी आधीच ठरवलेले होते, आणि आवाज हा नंतर सापडलेला पुरावा होता.

येथे ‘कालियामर्दन’चे स्मरण होते. त्या चित्रपटाच्या आरंभीच फाळक्यांनी आपल्या लहानग्या मुलीचा चेहरा साध्या रूपात प्रेक्षकांपुढे आणला, तिच्या मुद्रेवर एकामागून एक भाव दाखवले, आणि मगच तिला कृष्णाच्या वेषात नेले. पुढे नागाच्या फणीवर नाचणारा बाळकृष्ण कोण आहे, याविषयी कोणालाही शंका राहू नये, अशी ती योजना होती. झाडीपट्टीत पूर्वी स्त्रीभूमिका पुरुष करीत, आणि लुगडे नेसून उभा असलेला तो माणूस कोणत्या गावचा, कोणाचा मुलगा, हे प्रेक्षकांना पक्के ठाऊक असे. पुरुषाने स्त्रीचे सोंग घेतले तर त्याच्या कसबाचे कौतुक होते. मुलीने वीराचे सोंग घेतले तर ती मुलगी आहे हेच ध्यानात येत नाही. तेव्हा घरगुती चित्रपट करणाऱ्यांनी नामावली शेवटी न ठेवता आरंभी ठेवावी, भूमिकेपुढे नाव लिहून न थांबता चेहराही दाखवावा, आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी परीक्षणापूर्वी ती पूर्ण पाहावी, असे येथे आग्रहाने सुचवावेसे वाटते. पाहुण्यांचे भाषण एक मिनिट थांबू शकते.

चित्रीकरण चालू असताना प्रस्तुत लेखकाचे मत याच्या अगदी उलट होते. मुखवटा हीच सुपरहिरोची खरी थोरवी, त्याआड मुलगा की मुलगी, कोणत्या जातीचे, कोणत्या घरचे हे पुसले जाते आणि केवळ कृती उरते, असे त्याने मुलांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले होते. त्या समारंभानंतर हे मत टिकले नाही, आणि मुखवट्याआड सगळ्यांचे सारखेच पुसले जाते असे नाही, हे मान्य करावे लागले.

परंतु भाचीने हा बदल स्वीकारलेला नाही. घरी परतताना ती एवढेच म्हणाली, “त्यात मी होती नं, मामाजी,” आणि ढालीचा विषय तिने पुन्हा काढला नाही. पुतण्याने ढाल तिच्या दप्तराशेजारी नेऊन ठेवली, ती तिने उचलून फळीवर, दोघांच्या पुस्तकांमध्ये ठेवली. दुसऱ्या चित्रपटाची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा आरंभी तिचा चेहरा दाखवण्याची योजना तिच्यापुढे मांडली असता तिने साफ नकार दिला. चेहरा आधी कळला तर ईजवीर कोण याची मजाच राहणार नाही, असे तिचे म्हणणे आहे. संवाद मात्र या वेळी स्वतःच्या आवाजात बोलणार, त्यासाठी टोपीला तोंडापाशी भोक पाडावे, ही तिची अट आहे. प्रस्तुत लेखकाला ही अट मान्य आहे आणि नकार मान्य नाही; नामावली कोठे घालायची याचा वाद अजून मिटलेला नसून, तोवर रेतीतल्या दृश्यांची तयारी पुढे चालू आहे.