शिंप्याचं म्हणणं

माझ्या भाचीच्या पाठीत काहीतरी बिनसलं आहे हे पहिल्यांदा ओळखलं ते तिच्या आईनं नव्हे, बापानं नव्हे, आणि घरातला विद्वान म्हणून ज्याची ख्याती आहे त्या मामानं तर मुळीच नव्हे. ते ओळखलं शिंप्यानं. शाळेच्या गणवेशाचं माप घेता घेता तो थबकला आणि म्हणाला, "वहिनी, पोरीचा एक खांदा वर आहे. मी कितीही नीट बेतलं तरी झगा एका बाजूनं उचलला जाणार."

बहिणीनं मला फोन केला. मराठीच्या प्राध्यापकाला पाठीच्या कण्यातलं काय कळणार, असा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडत नाही. एम. ए. झालेला माणूस म्हणजे सर्वज्ञ! दुर्दैव असं की तो प्रश्न मलाही पडला नाही. मी म्हटलं, "दप्तराच्या ओझ्यानं झालं असेल. तेल लाव, सूर्यनमस्कार घालायला सांग. वाढत्या वयात होईल आपोआप सरळ." तेव्हा ती दहा वर्षांची होती.

वाकडा कणा वाढत्या वयात सरळ होत नाही. उलट त्याच वयात तो झपाट्यानं अधिक वाकतो. हे ज्ञान मला तीन वर्षांनी झालं, मुंबईच्या एका रुग्णालयात, तिच्या क्ष-किरण चित्रासमोर उभं राहून. हा वाक मोजायची रीत १९४८ साली कॉब नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं घालून दिली. वाकाच्या दोन टोकांना जे सर्वांत कललेले मणके असतात त्यांवरून रेघा काढायच्या आणि त्यांच्यामधला कोन मोजायचा. पंचवीस ते चाळीस अंशांपर्यंतच्या वाढत्या मुलाला पट्टा बांधून पुष्कळदा वाक तिथंच रोखता येतो. भाचीचा कोन १०४ अंश होता. पट्ट्याची गोष्ट मीच काढली. सर्जन माझ्याकडे पाहून म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी आणली असती तर..." पुढचं ते बोलले नाहीत. माझी बहीणही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

असा कणा नुसता बाजूला कलत नाही, तर स्वतःभोवती पिळला जातो आणि जाताना फासळ्यांना घेऊन जातो. म्हणून पाठीवर एका अंगाला उंचवटा येतो आणि आत फुप्फुसाला जागा उरत नाही. जिना चढताना ती मध्येच थांबायची. आम्ही तिला आळशी म्हणायचो.

शस्त्रक्रियेआधी पाच आठवडे तिला ताणावर ठेवलं. डोक्याभोवती धातूचं कडं, ते कवटीच्या हाडात खिळ्यांनी बसवलेलं. कड्याला दोरी, दोरी कप्पीवरून नेलेली आणि पलीकडे वजन. चाकांच्या खुर्चीत बसल्या बसल्या डोकं वर ओढलं जायचं आणि देहाचा भार खाली ओढायचा. आरंभी वजन दोन किलो, मग रोज थोडं थोडं वाढवत बारा किलो. हातपाय नीट हलतात ना, हे दिवसातून कितीदा तरी पाहायचे. मला पहिल्या दिवशी बघवलं नाही. ती मात्र तिसऱ्या दिवशी खुर्ची पळवत वॉर्डभर हिंडू लागली.

तिला गोष्ट सांगायला म्हणून मी कुब्जेची निवडली. (मास्तरकी सुटत नाही!) वर्गात ती वीस वर्षं सांगत आलो होतो, पण भागवतात कृष्णानं नेमकं काय केलं याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. मथुरेच्या रस्त्यात कंसासाठी उटणं घेऊन निघालेली ही तीन ठिकाणी वाकलेली बाई. कृष्णानं आपल्या पायांनी तिची पावलं दाबून धरली, दोन बोटं हनुवटीखाली घातली आणि तिला वर उचललं. खाली धरायचं आणि वर ओढायचं! भाचीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, कृष्णानं किती किलो लावले होते?" मग थोड्या वेळानं, काही मनात नसताना, म्हणाली, "यापेक्षा माझं दप्तर हलकं होतं रे."

माणसानं या वाकापुढे काय काय करून पाहिलं! ग्रीसमध्ये रोग्याला शिडीला बांधून ती शिडी उंचावरून खाली आपटत. हिप्पोक्रेटिसनं ते लिहून ठेवलं आहे आणि हा भोंदूंचा उद्योग म्हणून नाकही मुरडलं आहे. १९११ साली न्यूयॉर्कच्या हिब्सनं मणके एकमेकांना सांधून टाकायची शस्त्रक्रिया सुरू केली. पुढे पोलिओच्या साथींनी मुलांचे कणे वाकवले, तेव्हा ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टननं आकड्यांनी अडकवलेली पोलादी कांब कण्याला लावली. तिचे निष्कर्ष १९६२ साली छापून आले. आता मणक्यामणक्यात स्क्रू बसवतात, दोन बाजूंना दोन कांबी घालतात आणि हाडाचे तुकडे पसरून सगळं एकजीव होऊ देतात.

भीती असते ती मज्जारज्जूची. तो दुखावला तर पाय गेले. यंत्रानं त्याचे संदेश सतत तपासतात. पण शंका आलीच तर जुना उपाय आहे, १९७३ साली फ्रान्सच्या स्टान्यारा आणि सहकाऱ्यांनी सांगितलेला. पाठ उघडी असतानाच भूल उतरवायची आणि रोग्याला पाय हलवायला सांगायचं. दुखत नाही, पुढे बहुधा आठवतही नाही. आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या बाई आल्या आणि भाचीकडून तालीम करून घेतली: आधी हात दाब, मग पायाची बोटं हलव. जाता जाता त्यांनी विचारलं, "हिला घरी काय म्हणता? शाळेच्या नावाला कधी कधी मुलं ओ देत नाहीत."

ते नाव मीच ठेवलेलं आहे. इथं सांगत नाही. तिनं शपथ घातली आहे, आणि ते खरोखरच हास्यास्पद आहे. पण त्या गंभीर बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं.

सात तास लागले. मध्ये यंत्रानं शंका घेतली होती हे आम्हांला नंतर कळलं. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "हाक मारावी लागली. पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्या हाकेला हात दाबला, मग दोन्ही पाय." बहीण रडू लागली. मी भिंतीवरची सूचना वाचत उभा राहिलो. काय लिहिलं होतं ते आठवत नाही.

कोन आता ४१ अंश आहे. पूर्ण सरळ कोणी करत नाही, करूही नये. उंची पावणेतीन इंचांनी वाढली. शिंप्यानं पुन्हा माप घेतलं, खांद्यावर टेप दोनदा फिरवला आणि फक्त, "अजून जरासा आहे," एवढंच म्हणाला. मोठा प्रामाणिक माणूस!

सांधलेला कणा मात्र वाकत नाही. भाऊबीजेला बहिणीकडे गेलो तेव्हा मला ओवाळून झालं आणि भाची नमस्काराला पुढे आली. मी म्हटलं, "राहू दे." तिनं ऐकलं नाही. पाठ ताठ ठेवून तिनं आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि हात लांब करून पाय चाचपू लागली. ते नीट सापडेनात, म्हणून मीच पाय पुढे केले.