टेलच्या बाजूने

कालव्याच्या मुखाशी उभं राहून गावाच्या एकीचं कौतुक करणं सोपं असतं, कारण तिथे पाणी असतंच. एकी पाहायची तर टेलला जावं. शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याला पाळी कधी येते, आणि आली नाही तर तो कुणाच्या दारात जाऊन भांडू शकतो, एवढं विचारावं. ‘सहकार्यातून समृद्धी’ हा वेशीवरचा फलक त्यानंतर वाचला तरी चालतो.

०

खानदेशातली फड पद्धत. पांझरा, मोसम, आरम या तापी खोऱ्यातल्या नद्यांवर, धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, तीन-चारशे वर्षं चालत आलेली. नदीवर बंधारा, तिथून 2 ते 12 किलोमीटरचा कालवा, कालव्यावरून चाऱ्या, चाऱ्यांवरून शेताशेतात जाणारे सारंग. जादा झालेलं पाणी काढून द्यायला सांडम. एवढं बांधकाम इतरही जुन्या गावांत सापडेल. नवल आहे ते पिकात. भिजणारं क्षेत्र साधारण चार फडांत वाटलेलं, आणि एका फडात एकच पीक. यंदा कुठल्या फडात ऊस, कुठे धान्य, कुठला फड पडीक, हे शेताचा मालक ठरवत नाही. गाव ठरवतं, दर वर्षी.

सातबाऱ्यावर नाव तुमचं, पीक मात्र गावाच्या मर्जीचं. आजच्या कुठल्याही ग्रामसभेत हा ठराव मांडून पाहावा. मांडणारा घरी धड पोचला तरी पुष्कळ.

०

पण त्या ठरावामागचं शहाणपण पाहा. फडात एकच पीक असलं की सगळ्यांना पाणी एकाच सुमारास लागतं आणि एकाच सुमारास नको होतं. शेजाऱ्याच्या उसाचं पाणी झिरपून आपला हरभरा पिवळा पडत नाही. राखण एकत्र होते. फडांची पिकं आलटून पालटून घेतल्याने जमिनीचा कस टिकतो, ती चोपण होत नाही. नदीला पाणी कमी असेल तर एक फड सरळ पडीक टाकायचा. अनेकांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले असल्यामुळे तोटाही वाटला जातो. दुष्काळ एकट्या टेलवाल्याच्या बोडक्यावर बसत नाही.

शेतीशास्त्र आणि न्याय एकाच नियमात बसवणं ही मोठी कारागिरी आहे. ती कुणी केली त्याचं नाव कुठल्या शिलालेखात नाही.

०

फडाची माणसं: पाटकरी कालवा सांभाळणार, बारेकरी शेताशेतात पाणी देणार, जागल्या पिकाची राखण करणार. त्यांचा मोबदला पूर्वी धान्याच्या रूपात, सगळ्या खातेदारांकडून. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की बारेकरी कुणा एकाचं खात नाही. म्हणून कुणा एकाचं ऐकायला तो बांधलेला नाही. आपल्याकडे सामूहिक कामाचं वर्णन करताना श्रमदानाचे फोटो फार आणि पगारी माणसाचा उल्लेख कमी. टोपल्या उचलायला उत्साह पुरतो. रात्री दोन वाजता चारीचं तोंड फिरवायला पगारी माणूसच लागतो.

०

विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. सुरुवातीच्या कामांतलं एक धुळ्याकडे, पांझरेवरच्या सायफनचं. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली: क्षेत्राचे गट पाडायचे, पिकांची फेरपालट करायची, उसाने अख्खा कालवा गिळू नये असा बंदोबस्त करायचा. मला त्यात फड दिसतो. फरक इतकाच की फडात पीक ठरवणारे गावकरी होते, ब्लॉकमध्ये खातं. हा ‘इतकाच’ फरक किती मोठा, ते नीरेच्या काठच्या उसाला विचारावं.

०

1972चा दुष्काळ. पुण्यात कारखाना चालवणारे इंजिनिअर विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले, तर कसती माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. नायगावला देवस्थानाची 40 एकर माळाची जमीन त्यांनी 50 वर्षांच्या कराराने घेतली. बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर घेतली, पंपाने पाणी वर नेलं. 1974 मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान उभं राहिलं. यातलं एकही तंत्र नवीन नव्हतं, सगळं शेतकी खात्याच्या पत्रकांत होतं.

नवा होता हिशोब. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकलं जात नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आपल्या खिशातून घालायचा, बाकीचा अनुदानातून आणि बिनव्याजी उसनवारीतून. याला नाव पडलं पाणी पंचायत.

‘माणशी’ या शब्दाने केवढी उलथापालथ केली! जमीन मोजून पाणी दिलं की ज्याच्याकडे आहे त्याला आणखी मिळतं. डोकी मोजून दिलं की म्हातारी सासू, पाळण्यातली मुलगी, बिनजमिनीचा मजूर, सगळे हिशोबात येतात.

०

मला नेहमी प्रश्न पडतो तो बड्या शेतकऱ्याचा. 20 एकरवाला अडीच एकरांच्या पाण्यावर राजी का व्हावा? मनाचा मोठेपणा वगैरे असेलही. पण उत्तर बहुधा जास्त साधं आहे: कोरड्या 20 एकरांपेक्षा ओले अडीच बरे. एकट्याने टेकडी चढवून पाणी आणायचं तर पाइप, पंप, वीज यांचा खर्च त्याच्याही आवाक्याबाहेर. गरज सगळ्यांची सारखी असते तेव्हाच वाटणीचा नियम पक्का करून घ्यावा. पाणी आल्यावर बैठक बोलावली तर 20 एकरवाला येत नाही.

साळुंखे 2002 मध्ये गेले. कालव्याच्या पाण्याचा हक्क मात्र आजही जमिनीच्याच मागे जातो.

०

सांगली जिल्ह्यातली येरळा. पात्रात वाळू, वर दुष्काळ. 1980च्या दशकात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी तिच्यावर स्वतःचं धरण बांधायचं ठरवलं: बळीराजा स्मृती धरण. मुक्ती संघर्ष चळवळीचे भारत पाटणकर त्यात होते, आराखड्याला के. आर. दाते यांच्यासारखा जाणता इंजिनिअर होता. पैसे कुठून आणायचे? नदीतली थोडी वाळू विकून. वाळूउपशाला ठेकेदारांऐवजी गावाने परवानगी मागितली, त्यासाठी सरकारशी झगडा केला, आणि त्या पैशात धरणाचा बराचसा खर्च भागवला. पाणी प्रत्येक कुटुंबाला सारखं, भूमिहीनांसकट.

त्याच वाळूच्या पैशावर पुढे राज्यभर काय काय उभं राहिलं, हे लिहायला वेगळी वही लागेल. तीत धरणं फारशी नसतील.

०

वनराई बंधारा: सिमेंटची रिकामी पोती, त्यांत माती-वाळू, ओढ्यात रचायची. पावसाळा सरता सरता बांधायचा, पुढच्या पावसात वाहून गेला तर गेला. मोहन धारियांच्या ‘वनराई’ने रुजवलेली युक्ती. कोकणात शाळेची पोरंसुद्धा बांधतात. दर वर्षी नव्याने बांधावा लागतो हा त्याचा दोष म्हणतात. मला तो गुण वाटतो. निदान वर्षातून एकदा गाव ओढ्यावर जमतं.

०

हिवरे बाजारला जाणारे लोक डोंगरावरचे समतल चर पाहतात, फोटो काढतात. पाहायचा असतो तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला ते मोजायचं, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलेल्यात कुठली पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. ऊस-केळी नाही. शेतीसाठी बोअर नाही. पोपटराव पवारांचं नाव सगळे घेतात आणि ते रास्तच आहे, पण ‘आमच्या गावाला असा माणूस नाही’ ही पुढची ओळ मला पटत नाही. पर्जन्यमापक वाचायला महापुरुष लागत नाही. बोअरच्या गाडीला वेशीवरून परत पाठवायला मात्र थोडा कणा लागतो, तोही एकट्याचा असून भागत नाही.

०

गोव्यातली खाजनं. मांडवी-जुवारीच्या काठची भरतीच्या पातळीखालची जमीन, खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली. बांधात मानस, म्हणजे लाकडी दारांचं तोंड. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने दारं मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. वीज नाही, मोटर नाही, दार ओढायला माणूसही नाही. आत खाऱ्याला दाद न देणारं कोरगुट भात, आणि पोयीत, म्हणजे आतल्या डोहात, मासे, खेकडे. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची ही विद्या. गावकरीच्या, म्हणजे जमीन समाईक सांभाळणाऱ्या गावसंस्थेच्या, चालीरीती 1526 मध्ये आफोन्सो मेशियाने सनदेत लिहून घेतल्या, तेव्हा त्या जुन्याच होत्या.

मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव व्हायचा. बांध फुटला तर पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरावं लागत नव्हतं; समाईक उत्पन्नातून समाईक बांध राखायचा, अशी सोय होती. किती सरळ!

मुक्तीनंतर 1964 मध्ये कूळ कायदा आला. कसणाऱ्याला हक्क मिळाला. गावकरीत आत-बाहेरचे भेद होते, कसणाऱ्यांपैकी कितीतरी जण बाहेरचे होते. त्यांना न्याय मिळायलाच हवा होता. पण शेत कुळाला गेलं तेव्हा बांध कुणाला गेला? राखण्याची जबाबदारी कूळ संघांवर आली. पुढे मानशीतल्या माशाला भातापेक्षा जास्त भाव आला, आणि काही ठिकाणी बांध फुटलेलाच बरा असं वाटणारे लोक निघाले. खारं पाणी आत आलं की मासळी वाढते, भात मरतं. दोन्हीचा मेळ घालणारं यंत्र अजून तिथेच आहे, लाकडी आहे, चालतंही. त्याच्यामागची बैठक मोडली.

०

हीच गोष्ट दुसऱ्या टोकाला, भंडारा-गोंदियात. कोहळी समाजाने बांधलेले हजारो मालगुजारी तलाव. 1950-51 मध्ये मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, गेली, आणि जायला हवीच होती. तलाव सरकारजमा झाले. गावाचा निस्ताराचा, म्हणजे पाणी वापरण्याचा जुना, हक्क कागदावर राहिला, त्यावर पाणीपट्टी आली, आणि पाळ दुरुस्त करायला आता ‘खातं’ येईल असं म्हणत गावं थांबली. खातं कधी आलं, कधी नाही. गाळ मात्र नेमाने आला.

अलीकडे तिथे ढिवर समाजाच्या बायकांचे गट तलावात उतरून बेशरमाची झाडं उपटतात, देशी पाणवनस्पती लावतात. त्यांच्या आडोशाने देशी मासे परत येतात. तलाव दुरुस्त करायचा म्हणजे जेसीबी लावून गाळ काढायचा, एवढंच आपण धरून चाललो होतो. तळाशी कुठली वनस्पती उगवते यावर मासा ठरतो, हे जाळं टाकणाऱ्याला ठाऊक होतं. त्याला विचारलं नव्हतं.

दोन सुधारणा, दोन्ही न्यायाच्या, आणि दोन्हींत समाईक वस्तू पोरकी झाली. जुनी व्यवस्था गोड होती असं म्हणण्याचा मोह इथे होतो. तो आवरावा. मालगुजाराचा तलाव मालगुजाराचा होता. चूक पुढे झाली: हक्क वाटले आणि देखभाल वाटायची राहिली.

०

वाघाड, दिंडोरी तालुका. धरणाचं पाणी टेलच्या ओझरपर्यंत धड पोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990च्या सुमारास तिथे तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. करार असा: खात्याने संस्थेला पाणी घनमापाने मोजून द्यायचं, आतली वाटणी संस्थेने करायची. आपल्या वाट्याचं पाणी ओढ्यावरच्या बंधाऱ्यांत सोडून त्यांनी विहिरी भरून घेतल्या. कालव्याची पाळी संपली तरी विहिरीत पाणी, मग द्राक्षाला ठिबक. पुढे संस्था 24 झाल्या आणि 2003 मध्ये सगळ्या प्रकल्पाचं व्यवस्थापन त्यांच्या महासंघाकडे गेलं.

इथे पीक कुठलं घ्यायचं यावर बंधन नाही, कोटा मात्र पक्का. फडाने पीक बांधून दिलं, पाणी पंचायतीने ऊस बंद केला, वाघाडने मीटर लावून मोकळं सोडलं. तिन्ही चालतात. माझा कल वाघाडकडे आहे, कारण आजचा शेतकरी बाजार पाहून पीक घेतो आणि त्याला अडवणं कठीण. पण द्राक्षाला भाव असेल तेव्हाच हे शक्य, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. बाजरीच्या पैशात मीटर परवडत नाही.

०

‘टेल टू हेड’ म्हणजे आधी शेवटच्याला, मग वर सरकत यायचं. कागदावर ही पाळी फक्त उलटी केलेली दिसते. प्रत्यक्षात गळती, चोरी, चारीत वाढलेलं गवत, या साऱ्यांत अचानक हेडवाल्याला रस उत्पन्न होतो, कारण टेल भिजल्याशिवाय त्याची पाळी येत नाही. चारी साफ करायला आता तो सर्वांत आधी हजर.

०

2005चा कायदा: शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचं व्यवस्थापन. संचालक मंडळात हेड, मध्य, टेल अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधी, बायकांनाही जागा. कायदा चांगला आहे. सभासदत्व मात्र जमिनीच्या नावावरून ठरतं, आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव क्वचित. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत नवऱ्यांना आपली थोडी जमीन बायकोच्या नावावर करायला लावली, ती याच कारणासाठी नव्हती. पण त्यातल्या एखाद्या गावात पुढे पाणीवापर संस्था निघाली असेल, तर तिथे बायका खुर्चीवर हक्काने बसल्या असतील.

०

2016पासून वॉटर कपच्या स्पर्धा झाल्या. वरूड, कोरेगाव, आंबाजोगाई या तीन तालुक्यांपासून सुरुवात. पहाटे हजारो माणसं कुदळ-फावडं घेऊन माळावर, हे दृश्य खोटं नव्हतं. चर खणणं हा सोपा भाग होता एवढंच. अडवलेलं पाणी कुणाच्या विहिरीत उतरलं आणि त्याने त्यावर काय लावलं, हा प्रश्न पारितोषिक वाटून झाल्यावर येतो. स्पर्धा भरवणाऱ्यांनाही तो जाणवला असावा, कारण पुढचा चषक गटशेतीचा निघाला.

०

आता नव्या प्रकल्पांत उघड्या पाटाऐवजी बंद पाइप घालतात. पाणी झिरपत नाही, उडून जात नाही, कालव्यासाठी फार जमीन संपादन करावी लागत नाही, वाटेत मोटर टाकणंही अवघड. टेलला दाब पुरेसा मिळाला तर हेड-टेलचा झगडा निम्मा मिटेल. पण पाइपला व्हॉल्व्ह असतो आणि व्हॉल्व्हला चावी. ती ठेवणाऱ्याचा पगार खातं देणार, ठेकेदार देणार की सगळे खातेदार मिळून, याची चर्चा निविदेत नसते. ज्या गावांत पाइप येऊन पडलेत, तिथे ही बैठक चाचणी घेण्याआधी व्हायला हवी. पाणी सुटल्यावर हेडवाले येणार नाहीत.