नाडीने दिलेली साक्ष

वाचकहो, घरच्या दुखण्याची कथा चारचौघांत सांगू नये, असा संकेत आहे. तो आज आम्ही मोडीत आहोत. कारण या कथेत चूक आमचीच आहे.

नोकरीनिमित्त अबुधाबीत संसार थाटून आम्हांस बरीच वर्षे झाली. येथे आल्यावर आमच्या पत्नीस एक विकार जडला. पोळ्या लाटता लाटता छाती एकाएकी धडधडू लागे, गळ्याशी ठोके उडत, डोळ्यांपुढे अंधारी येई. दहा-पंधरा मिनिटांनी ते सारे एका क्षणात थांबे. दवाखाना गाठेपर्यंत नाडी पूर्ववत् होई व कार्डिओग्राम निर्दोष निघे. "माहेरच्या आठवणीने जीव घाबरा होतो," असे निदान आम्हीच केले व ते तिला इतक्या वेळा ऐकविले की, पुढे तिने सांगणेच सोडून दिले.

२०२३ च्या ऑगस्टात मात्र धडधड तासभर टिकली. रुग्णालयात नाडी मिनिटाला १९० भरली आणि प्रथमच तो विकार कागदावर उमटला. शिरेतून दिलेल्या इंजेक्शनने ती काही सेकंदांत थांबली.

डॉक्टरांनी उलगडा केला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा विजेचा संदेश एका लहानशा केंद्रातून जातो. काही जणांत तेथे एकाऐवजी दोन वाटा असतात. संदेश एकीने उतरून दुसरीने परत चढू लागला की, चक्र सुरू होते. तिची भीती या धडधडीतून उपजत होती. आम्ही मात्र उलटे समजत होतो.

उपाय होता कॅथेटरचा. जांघेतील शिरेवाटे बारीक नळ्या हृदयापर्यंत न्यावयाच्या व नको असलेली वाट रेडिओलहरींच्या उष्णतेने काही मिलिमीटर जाळावयाची. १९८० च्या दशकाच्या आरंभी हेच काम विजेच्या जबर धक्क्याने करीत. रेडिओलहरींनी ते पुष्कळ सुरक्षित झाले. शंभरांत पंचाण्णवांहून अधिक रोगी बरे होतात; क्वचित् एखाद्याचे मूळ केंद्रच दुखावते व पेसमेकर बसवावा लागतो. हे ऐकून आम्ही कचरलो. तिने शांतपणे संमतिपत्रावर सही केली आणि एवढेच विचारले, "आता तरी खरे वाटले ना?"

जी धडधड वर्षानुवर्षे वैद्यांच्या दारातून पळून जाई, तीच त्या दिवशी डॉक्टरांनी मुद्दाम जागी केली, तिची वाट शोधली आणि मिटविली. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी परतलो.

बंधुभगिनींनो, अशी धडधड सुरू झाली, तर ती थांबण्याची वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात कार्डिओग्राम काढून घ्यावा. आणि घरातील कोणी असे सांगू लागल्यास, कागदाच्या साक्षीपूर्वीच त्यावर विश्वास ठेवावा. आम्ही तो ठेवला नाही, ही खंत आमच्याजवळ राहील.