पेशींचे मूळ गाव

यशवंतपूरच्या फलाटावर बेळगाव-मिरजेकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीची वाट पाहताना मराठी शब्द कानी पडले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'तुमचे मूळ गाव कोणते?' त्या रात्री जीवशास्त्राची एक विद्यार्थिनी हाच प्रश्न आतड्यातील पेशींना विचारीत बसली होती.

बेळगावी तिच्या थोरल्या बहिणीला मुलगा झाला होता. दोन दिवस उलटले तरी बाळाला शी झाली नाही, पोट फुगले. निदान झाले हिर्शस्प्रुंग विकाराचे. सुमारे ५००० जन्मांत एका बाळात तो आढळतो. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात, म्हणून तो भाग आकसलेलाच राहतो. घरात मात्र कुजबुज सुरू झाली होती : गरोदरपणी हिने काय खाल्ले असेल?

आतड्याचे अस्तर गर्भाच्या अंतःस्तरातून घडते, स्नायू मध्यस्तरातून. चेतापेशी मात्र परगावच्या. मज्जारज्जूच्या कडेवरील 'न्यूरल क्रेस्ट' या भागातून, मुख्यतः मानेच्या बाजूने, त्या निघतात आणि चौथ्या ते सातव्या आठवड्यात आतड्याची सारी लांबी चालून जातात.

आतड्यातच सेरोटोनिन स्रवणाऱ्या पेशीही आहेत. त्यांचे गुण चेतापेशींसारखे. म्हणून ब्रिटिश शास्त्रज्ञ पिअर्स यांनी त्यांचेही मूळ न्यूरल क्रेस्टमध्ये असावे, असे सुचविले होते. फ्रान्समधील निकोल ल दुआरँ यांनी लावा पक्ष्याच्या गर्भातील तो भाग कोंबडीच्या गर्भात रोवला. लाव्याच्या पेशीकेंद्रकातील गडद ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली सहज ओळखू येतो. १९७३ साली मारी-एमे तेये यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात उत्तर स्पष्ट होते : चेतापेशी लाव्याच्या, सेरोटोनिनच्या पेशी कोंबडीच्या. दिसण्यातले साम्य म्हणजे एक कूळ नव्हे. पुढे आतड्याच्या आकुंचनाला ताल देणाऱ्या काहालच्या पेशीही चेतापेशींच्या नात्यातल्या नसून मध्यस्तरातून आलेल्या ठरल्या.

म्हणूनच या विकारात उणीव राहते ती टोकाशी. वाटसरू शेवटच्या मुक्कामापर्यंत पोहोचत नाहीत. स्थानिक पेशी मात्र तेथेही असतात. 'रेट' या जनुकातील बदल काही बाळांत कारणीभूत आढळतो. अनेकदा नेमके कारण हाती लागत नाही. उपचार मात्र आहे : चेतापेशी नसलेला भाग काढून निरोगी आतडे गुदद्वाराशी जोडतात.

सकाळी बेळगावात पोहोचल्यावर तिने वहीत एक लांब रेघ ओढली आणि ताईच्या सासूबाईंसमोर ठेवली. 'पेशी इथून निघाल्या आणि इथे थांबल्या, आजी. तेव्हा बाळ बोटाच्या पेराएवढेही नव्हते. ताईच्या खाण्याने हे झालेले नाही.'

सासूबाई त्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग उठून त्यांनी सुनेसाठी ताट वाढले.