वाढत्या अंगाची सायकल

"बाबा, मला रोड बाईक घ्यायची आहे." थोरलीने जेवताना हे सांगितले आणि माझा घास हातातच राहिला. बाईक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पेट्रोलची गाडी उभी राहते. लायसन्स, विमा, पेट्रोल असा सगळा हिशेब माझ्या कारकुनी डोक्यात सुरू झाला. पोरगी हसायला लागली. "मोटारसायकल नाही हो बाबा, सायकल! मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल असतं ना, ती."

आमची थोरली वीस वर्षांची आहे. दापोडीहून शिवाजीनगरला कॉलेजात ती सायकलनेच जाते. आठवीत घेतलेली जुनी लेडीज सायकल तिने आजवर चालवली. गेल्या हिवाळ्यात एका मैत्रिणीने आपली रोड बाईक तिला एका रविवारपुरती दिली. त्या सायकलवर ती देहूरोडला जाऊन आली आणि तेव्हापासून तिने हाच ध्यास घेतला. वस्तीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने चौदा हजार रुपये साठवले होते. तीस हजार मी पतपेढीतून कर्ज काढायचे ठरले. कारकुनाच्या घरात चव्वेचाळीस हजारांची सायकल ही साधी गोष्ट नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्याच, "भावोजी, एवढ्यात पोरीच्या लग्नासाठी एखादा डाग झाला असता."

सायकल आमच्या घराला नवी नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, तो मी लहानपणी पाहिला आहे. आप्पांची सायकल काळी, चोवीस इंची, कुणाकडून तरी जुनी घेतलेली. आप्पांची उंची पाच फूट तीन इंच. सीट अगदी खाली आणली तरी पायडल खाली गेले की त्यांचा पाय पुरायचा नाही. मग ते कमरेतून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलायचे. आम्ही भावंडे त्याच सायकलच्या दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल शिकलो. आप्पा मात्र एकतीस वर्षे असे कलत कलत कामावर गेले. पुढे त्यांची कंबर धरली ती धरलीच. आम्ही त्याला म्हातारपण म्हणालो. सायकलकडे कुणी बोट दाखवले नाही.

आपल्या घरांत वस्तू मापाने घ्यायची पद्धतच नव्हती. शाळेचा सदरा घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. चप्पल दोन बोटे मोठी, म्हणजे पुढच्या वर्षीही चालते. थोरल्याचे धाकट्याला आणि धाकट्याचे चुलत भावाला. गरिबीत ते शहाणपणच होते, त्याला मी नावे ठेवत नाही. पण ही सवय अंगात इतकी मुरते की हातात चार पैसे आले तरी सुटत नाही. माझेही तसेच झाले.

एका मोठ्या दुकानात आम्ही दोघे गेलो. तिथल्या विक्रेत्याने एक झकास लाल सायकल पुढे केली. किंमत सेहेचाळीस हजार, पण मागच्या वर्षीचा माल म्हणून आठ हजार सूट. फ्रेमवर ५४ असा आकडा होता. थोरली बसून पाहू लागली. तिची उंची पाच फूट दोन इंच. दांडा तिला लागतच होता. विक्रेता म्हणाला, "काका, सीट खाली करून देतो, काही होत नाही. आणि घरात मुलगा आहे ना? पुढे त्याच्याही कामी येईल." माझ्या मनातले तो बोलला. धाकटा चौदा वर्षांचा, आत्ताच तिच्या डोक्यावर गेलेला. एका सायकलीत दोन मुलांचे काम आणि वर आठ हजारांची बचत! मी जवळजवळ होकार दिला. थोरली काहीच बोलली नाही. बसमध्येही बोलली नाही.

रात्री मी सौ.ला हिशेब समजावून सांगितला. तिने एकच विचारले, "सायकल तिची की त्याची?"

मी कार्यकर्ता माणूस, हार कसली मानतो! महिला मेळाव्यात मी नेहमी पुदुकोट्टईचे उदाहरण देतो. तामिळनाडूतल्या त्या जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो गरीब बायका सायकल शिकल्या. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांना सायकलसाठी बँकेची कर्जे मिळावीत म्हणून खटपट केली. तिथे लेडीज सायकली कमी पडल्या, तर बायकांनी जेंट्स सायकली चालवल्या. तेच मी सौ.ला ऐकवले. म्हटले, "त्यांचं काही अडलं का?"

ती म्हणाली, "त्यांना दुसरी मिळत नव्हती. हिला मिळते आहे. तुम्ही सभेत बोलता ते घरातही एकदा ऐका."

ती सातवीपर्यंत शिकलेली. पुढची शाळा गावापासून सात किलोमीटरवर होती. घरात सायकल होती, पण ती भावाची होती. हे तिने मला लग्नाला बावीस वर्षे झाल्यावर त्या रात्री पहिल्यांदा सांगितले. मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या सायकल मिस्त्रींकडे गेलो. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि मला नीट समजावून सांगितले. "सीट खाली-वर केली की पायाचं माप जमतं. हाताचं आणि पाठीचं माप फ्रेममध्ये असतं. सीट कितीही खाली करा, हँडल जवळ येत नाही." हँडल धरणारा आडवा तुकडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो आखूड घालता येतो. पण त्यानेही सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचाच फरक पडतो, आणि फारच आखूड घातला तर हँडल उगाच चळवळ करते. मोठी फ्रेम लहान माणसाची होत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

मग थोरलीने मला सायकलींचे तक्ते वाचायला शिकवले. कारकुनाला तक्ता मिळाला की तो खूश! त्यातली दोन मापे महत्त्वाची. पायडल ज्या आसाभोवती फिरते त्या आसापासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक. त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर म्हणजे रीच. स्टॅक जास्त आणि रीच कमी असेल तर माणूस थोडा ताठ आणि आरामात बसतो. स्टॅक कमी आणि रीच जास्त असेल तर तो पुढे झुकून, लांब होऊन बसतो. फ्रेमवरचा आकडा सारखा असला तरी दोन कंपन्यांच्या सायकलींची ही मापे वेगळी निघतात. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये.

पुढच्या रविवारी दुसऱ्या दुकानात गेलो. या वेळी सौ.ही बरोबर होती. तिथला पोरगा भला निघाला. त्याने तीन सायकली काढल्या आणि म्हणाला, "ताई, प्रत्येक सायकल वीस मिनिटं चालवा. पुलावर चढवा, गतिरोधकावरून न्या, मग बोलू."

पहिली अगदी शर्यतीची होती. हँडल खाली, टायर बारीक. पायडल दाबले की बाणासारखी सुटायची. थोरली परत आली ती डोळे चमकवत, पण मान चोळत. समोर पाहायला मान वर ताणावी लागत होती आणि सगळा भार तळहातांवर येत होता. वीस मिनिटांत ही गत, तर तीन तासांत काय झाले असते?

दुसरी सरळ हँडलची, जाड मऊ सीटची. बसायला सोफाच! पण चढ आला आणि समोरून वारा आला की ती हटून बसल्यासारखी वाटली. थोरली म्हणाली, "पाय मारते मी, पण पुढे पोचतच नाही."

तिसरी दोन्हींच्या मधली. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखेच वळलेले, पण जरा उंच आणि जवळ. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी अशा सायकली बनवतात, त्यांना एन्ड्युरन्स म्हणतात. फ्रेम अॅल्युमिनियमची, पुढचा चिमटा कार्बनचा, वजन साडेदहा किलोच्या आसपास. आप्पांची सायकल याच्या जवळजवळ दुप्पट असेल. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवले तेव्हा थोरलीचे कोपर किंचित वाकलेले होते, खांदे सैल होते. वळवली की वळत होती, दाबली की धावत होती. आपण म्हणतो ना, हाकेला ओ देणारी, तशी. आराम हवा तर सायकल सुस्त घ्यावी लागते आणि वेग हवा तर अंग दुखवून घ्यावे लागते, हा माझा समज तिथे मोडला. माणूस सायकलीवर नीट बसला की त्याचा जोर वाया जात नाही, आणि दूरच्या प्रवासात तोच शेवटपर्यंत टिकतो.

त्या पोराने आणखी चार गोष्टी सांगितल्या, त्या वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून देतो. टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे असावेत. पूर्वी शर्यतवाले २३ मिलिमीटरचे वापरत. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, त्यामुळे खडबडीत रस्त्याचे हादरे टायरच खातो आणि वेगही जात नाही. टायरवर छापलेला हवेचा मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. हलक्या माणसाने तेवढी हवा भरू नये.

गिअर पाहताना मोठा गिअर पाहू नये, सर्वांत हलका पाहावा. थोरलीच्या सायकलीला पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रे आहेत, मागे ११ पासून ३२ दातांपर्यंत आठ. पुढे ३४ आणि मागे ३२ लावले की पायडलच्या एका फेरीत चाक एका फेरीहून थोडेसेच जास्त फिरते, म्हणून घाटही बसल्या जागी चढता येतो. पुढे ५० आणि मागे ११ लावले तर तेच चाक साडेचार फेऱ्या फिरते.

सीट जाड आणि मऊ असली की चांगली, असे नाही. बसताना जी दोन हाडे टेकतात त्यांना आधार मिळेल एवढी रुंद हवी. बायकांना बहुधा थोडी रुंद लागते. सीटची उंची ठरवताना टाच पायडलवर ठेवावी. पायडल अगदी खाली गेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. ब्रेकची दांडी लहान हाताला जवळ आणायचा स्क्रू पुष्कळ सायकलींना असतो. तो फिरवून दिल्याशिवाय थोरलीची बोटे नीट पोचत नव्हती. दुकानात हे मागून घ्यावे, लाजू नये.

सायकल त्रेचाळीस हजारांना पडली. पण सगळे पैसे सायकलीतच घालू नयेत. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, दोन ट्यूब आणि कुलूप यांना आणखी साडेपाच हजार लागले. ते सौ.ने आपल्या भिशीतून काढून दिले. या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असतो, कोपऱ्यावरचा पंप त्याला बसत नाही. त्यासाठी पितळेचे छोटे अॅडॉप्टर मिळते, ते जवळ ठेवावे.

पहिल्या रविवारी थोरली पहाटे निघाली आणि देहूरोडच्या विहारापर्यंत जाऊन नऊच्या आत परतली. सौ. दारात उभीच होती. पोरीने सायकल टेकवली आणि पहिलेच वाक्य बोलली, "आई, कुठंच दुखत नाही गं." सौ.ने पदराने सायकलच्या दांड्यावरचा चिखल पुसला. आत येताना म्हणाली, "तिची जुनी लेडीज सायकल भंगारात देऊ नका. मला बघायची आहे चालवून."

संध्याकाळी मी गुपचूप नव्या सायकलवर बसून पाहिले. गुडघे हँडलला टेकायला आले. धाकट्यालाही ती होत नाही. या घरात ती फक्त एका माणसाला बसते. त्याने फुरंगटून विचारले, "मग मला कधी?" म्हटले, "तुझी वाढ थांबू दे. तुझ्या मापाची घेऊ."

पतपेढीचा हप्ता पुढची दोन वर्षे पगारातून जाणार आहे. ओढाताण होईल. पण आप्पांची कलती पाठ आठवते आणि त्या आठ हजारांच्या सुटीचा मोह कुठल्या कुठे जातो. वाचक बंधू-भगिनींनो, मुलीसाठी सायकल घ्यायला जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या, तिला वीस मिनिटे चालवू द्या आणि तिने नाही म्हटले तर दुकानातून बाहेर पडा. सदरा वाढत्या अंगाचा चालतो. सायकल नाही चालत.